चिप डोक्यात, किल्ल्या कोणाच्या कमरेला?

'सायबरपंक २०७७' खेळलेल्या कोणालाही हा प्रसंग सवयीचा असेल. समोरच्या गल्लीत पहारेकरी उभा आहे. तुम्ही त्याच्याकडे टक लावून पाहता, 'रीबूट ऑप्टिक्स' निवडता आणि पुढचे काही सेकंद तो बिचारा आंधळा होऊन चाचपडत राहतो. डोळे त्याचे, त्यांचे पैसेही त्यानेच मोजलेले, पण ते बंद करण्याची कळ रस्त्यावरच्या कोणाही अनोळखी माणसाच्या हातात. खेळ म्हणून हे झकास आहे. अडचण सुरू होते ती एखादा हौशी गेम मास्टर किंवा गेम-लेखक स्वतःचं विज्ञानकथेतलं जग रचायला बसतो आणि हाच नमुना समोर ठेवतो तेव्हा. चार-दोन सेशनमध्येच दोन गोष्टी दिसू लागतात. हॅकर झालेला खेळाडू एकटाच फासे टाकत बसतो आणि बाकीचे मोबाइल काढून बसतात, ही पहिली. दुसरी जास्त घातक: बाकीचे खेळाडू शहाणे होतात आणि आपल्या पात्राच्या डोक्यात चिप बसवायचीच नाही असं ठरवून टाकतात. ज्या जगाची सगळी गंमत माणूस आणि यंत्र यांच्या गुंत्यात, त्या जगातली मुख्य पात्रंच मग निव्वळ हाडामांसाची उरतात. हे टाळायचं तर सुरक्षेचा विचार दुसऱ्या टोकाकडून सुरू करावा लागतो. चिपचं कुलूप किती भक्कम, ते नंतर ठरवा. त्या कुलपाच्या किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे, ते आधी ठरवा. गाजलेल्या खेळांमधले प्रसंग घ्या किंवा खऱ्या शरीरात बसवलेली खरी यंत्रं घ्या. मोठं नुकसान बहुतेक वेळा किल्ली असलेल्याकडूनच झालेलं दिसतं. कधी तो दुरुस्तीच्या नावाखाली आत येतो, कधी किल्ली खिशात घालून कायमचा निघून जातो.

याचा सगळ्यात चांगला पुरावा 'डेअस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन' या २०११ च्या गेममध्ये आहे. कथेचा काळ २०२७ चा. नायक ॲडम जेन्सन हा डेट्रॉइटच्या सरिफ इंडस्ट्रीज या कंपनीचा सुरक्षाप्रमुख. एका हल्ल्यात जबर जखमी झाल्यावर त्याच्या शरीराचा बराच भाग यंत्रांनी बदललेला आहे. कथा बरीच पुढे गेल्यावर यंत्रं बसवलेल्या सगळ्यांनाच त्रास सुरू होतो, जेन्सनच्याही नजरेसमोरचं चित्र मधूनच फाटू लागतं. मग बातम्यांतून सूचना येते, की घाबरू नका, जवळच्या लिम्ब क्लिनिकमध्ये जा आणि बायोचिप बदलून घ्या. इथे गेम खेळाडूला मोकळं सोडतो. क्लिनिकमध्ये जाऊन चिप बदला, नाहीतर फाटणारं चित्र सहन करत पुढे चला. अनेक जण बदलतात. का बदलू नये? सूचना सर्वांसाठी आहे, दवाखाना ओळखीचा आहे, त्रास खराखुरा आहे. गेम जुना झाला, तेव्हा पुढचं गुपित फोडायला हरकत नाही: एका मोठ्या लढतीच्या तोंडावर झाओ युन रू ही उद्योजिका एक कळ दाबते आणि नवी चिप घेतलेल्या जेन्सनची यंत्रं ठप्प होतात. ज्या खेळाडूने त्रास सोसला, त्याचा जेन्सन मात्र धडधाकट लढतो. या सगळ्यात कुलूप कोणीही फोडलेलं नाही. लेखकांनी खेळाडूच्याच हाताने खेळाडूचं दार उघडवलं, आणि म्हणूनच तो प्रसंग इतक्या वर्षांनीही लोकांच्या लक्षात आहे. 'सायबरपंक २०७७'मध्येही हेच घडतं, फक्त पहारेकऱ्याच्या आंधळेपणाने आपलं लक्ष तिकडे जात नाही. कथेचा कणा असलेली 'रेलिक' चिप व्ही या मुख्य पात्राच्या डोक्यात कोणी चोरून घुसवत नाही. तिची पेटी खराब होते, आतला माल वाचवायचा असतो, म्हणून ती स्वतःच्या डोक्यात घातली जाते. नंतर तीच चिप व्हीला मरणातून परत आणते आणि आणता आणता मेंदूवर जॉनी सिल्व्हरहँड या कधीच मेलेल्या रॉकस्टारचं मन लिहू लागते. जीव वाचवणारं यंत्र आणि जीव घेणारं यंत्र एकच, आणि ते काढता येत नाही. तुमच्या जगाचा पहिला नियम यावरून ठरवा: प्रत्येक चिपला देखभाल लागते, आणि देखभाल करणाऱ्याचं नाव तुमच्या वहीत असलं पाहिजे. नुसतं 'कंपनी' लिहून भागत नाही. कोणत्या विभागाचा कोणता माणूस, कोणत्या दवाखान्यात, किती महिन्यांनी, हे लिहिलंत की पुढच्या चार सेशनचा मसाला आयता मिळतो.

खेळातून बाहेर पडून खऱ्या शरीरांकडे पाहिलं तर याहून उपयोगी माल सापडतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी डॉक्टरांना सोबत घेऊन हृदयाच्या डिफिब्रिलेटरवर प्रयोग केले. छातीत बसवलेलं हे यंत्र बिघडलेले ठोके विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणतं. रेडिओचं साहित्य वापरून त्यांनी यंत्रातली रुग्णाची माहिती वाचली, उपचाराची सेटिंग बदलली आणि झटका देण्याचा हुकूमही यंत्राला पाळायला लावला. प्रयोग कोणा रुग्णावर नव्हता, टेबलावर होता आणि यंत्राच्या अगदी जवळून केलेला होता, पण मुद्दा सिद्ध झाला. 'मग घाला की पासवर्ड!' असं इथे कोणीही म्हणेल. पण रस्त्यात कोसळलेला बेशुद्ध माणूस पासवर्ड सांगू शकत नाही. परगावच्या दवाखान्यातल्या, त्याला कधीही न पाहिलेल्या डॉक्टरला ते यंत्र उघडता आलं पाहिजे, नाहीतर सुरक्षाच त्याचा जीव घेईल. म्हणजे आणीबाणीचं एक दार ठेवावं लागतं, आणि जे दार अनोळखी डॉक्टरला उघडतं ते अनोळखी मारेकऱ्यालाही उघडू शकतं. याच संशोधकांनी एक गमतीदार उपाय सुचवला होता: स्वतःची बॅटरी नसलेलं, बाहेरून येणाऱ्या रेडिओलहरींवरच चालणारं एक छोटं उपकरण. कोणी यंत्राशी बोलू लागलं की ते कातडीखाली पीं पीं वाजणार. माणसाच्या मांसातून तो आवाज ऐकू येतो का, हे त्यांनी बेकन आणि खिमा भरलेल्या पिशवीत ते पुरून तपासलं. गेम मास्टरसाठी ही पिशवी सोन्याच्या मोलाची आहे. बारमध्ये बसलेल्या पात्राच्या कानामागे बारीक पीं पीं सुरू झाली, एवढंच सांगा आणि गप्प बसा. फासा टाकायची गरज नाही. कोण बोलतंय, कशासाठी बोलतंय, आपला डॉक्टर तर नसेल, हे प्रश्न खेळाडूच विचारू लागतील.

मेंदूच्या यंत्रांबाबत हाच विचार २००९ मध्ये 'न्यूरोसिक्युरिटी' या नावाने मांडला गेला. डेनिंग, मात्सुओका आणि कोनो यांचा तो लेख चक्क मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात आला होता. पण हृदयाची उदाहरणं अजून हातात आहेत तोवर आणखी दोन घ्या. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी २०१३ मध्ये टीव्हीवर सांगितलं, की २००७ मध्ये बसवलेल्या त्यांच्या यंत्राची बिनतारी सोय डॉक्टरांनी मुद्दाम बंद केली होती, कारण तिचा वापर करून कोणी त्यांचा खून करेल अशी भीती होती. दुसरं उदाहरण २०१७ चं. अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांमध्ये सुरक्षेची त्रुटी निघाली आणि त्यांचं फर्मवेअर बदलायचं ठरलं. ते घरबसल्या होणारं नव्हतं. रुग्णाने दवाखान्यात जायचं, यंत्रावर प्रोग्रॅमर धरायचा आणि सुमारे ३ मिनिटं थांबायचं. तेवढा वेळ पेसमेकर मिनिटाला ६७ ठोक्यांच्या राखीव पद्धतीवर चालणार. ही ३ मिनिटं तुमच्या जगात उचलून आणा. अपडेट चालू असताना पात्राची चिप राखीव पद्धतीवर जाते, जास्तीच्या सगळ्या क्षमता गोठतात, आणि नेमकं तेव्हाच दवाखान्याच्या बाहेर गाडी येऊन थांबते. इथेही हॅकर लागत नाही. वेळापत्रक ठाऊक असलेला एक कंपाउंडर पुरतो.

यावर जाणकार खेळाडूचा आक्षेप ठरलेला असतो: मी बिनतारी जोडणीच बंद ठेवतो, बोला आता. आक्षेप वाजवी आहे, आणि 'शॅडोरन' या टेबलटॉप खेळाच्या लेखकांना त्याने चांगलंच दमवलं. १९८९ पासून चालत आलेल्या या खेळात २००५ च्या चौथ्या आवृत्तीने सगळं जग बिनतारी केलं, अंगातल्या यंत्रांसकट. आता हॅकरला टोळीबरोबर मैदानात उतरून काम करता येणार, ही त्यामागची चांगली कल्पना. पण खेळाडूंनी सरळ हिशेब केला, की जोडणी चालू ठेवून मला मिळतं काय? धोका तेवढा मिळतो. मग २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत जोडणी चालू ठेवणाऱ्याला वेगवेगळे फायदे देण्यात आले आणि त्याची किंमत म्हणून ते यंत्र हॅकरला निकामी करता येऊ लागलं. त्यावरूनही खेळाडूंत वाद झाले, कारण काही फायदे ओढूनताणून आणलेले वाटत होते. माझ्या मते चूक फायदे देण्यात नव्हती, ते हवेतून आणण्यात होती. जोडणीची खरी किंमत आणि खरा लाभ देखभालीतून येतो. मेंदूत चिप बसवणाऱ्या न्यूरालिंक या कंपनीचं पहिलं मानवी रोपण जानेवारी २०२४ मध्ये झालं. ६४ धाग्यांवर मिळून १,०२४ इलेक्ट्रोड. काही आठवड्यांत त्यातले कित्येक धागे मेंदूतून मागे सरकले आणि यंत्राची कामगिरी घसरली. कवटी पुन्हा न उघडता सॉफ्टवेअरमध्ये बदल करून कंपनीने ती सावरली. बाहेरून पोहोचण्याची वाट नसती, तर दुरुस्तीचा अर्थ शस्त्रक्रिया असाच झाला असता. मेंदू हलतो, त्यात व्रण धरतात, संकेत बदलत जातात. चिपला वरचेवर नव्याने जुळवावं लागतं. तेव्हा जोडणी तोडणाऱ्या खेळाडूला अडवू नका. त्याला तोडू द्या आणि दर महिन्याला त्याची चिप थोडी थोडी बेसूर होऊ द्या. तीन महिन्यांनी तो स्वतःहून दवाखाना शोधत येईल, आणि आता तो कोणत्या दवाखान्यावर विश्वास ठेवतो, हा खेळ सुरू होईल.

पूर्ण तोडलेल्या यंत्राचंही एक सुरेख उदाहरण आहे. 'एक्लिप्स फेज' या २००९ च्या खेळात जवळपास प्रत्येकाच्या मानेत 'कॉर्टिकल स्टॅक' असतो. माणसाच्या मनाची प्रत त्यात सतत नोंदली जाते आणि शरीर मेलं तरी ती दुसऱ्या शरीरात उतरवता येते. या खेळाच्या लेखकांनी शहाणपणाने तो स्टॅक मेंदूतल्या इतर यंत्रांपासून मुद्दाम अलग ठेवला आहे. दुरून त्याला हात लावता येत नाही. त्यामुळे चोरी थांबली का? छे. चोर सुरी घेऊन येतो आणि मानेतून स्टॅक खोदून काढतो. सुरक्षेचा एक मार्ग बंद केला, की धोका सरकून दुसरीकडे जातो, हे खेळाडूला नियम वाचून कळण्यापेक्षा प्रेताची मान पाहून लवकर कळतं.

आता चोरी नक्की कशाची, याकडे वळू. बहुतेक घरगुती जगं इथेच गडगडतात. गेम मास्टर मेंदूला हार्ड डिस्क समजतो. हॅकर यशस्वी झाला, की 'तुला त्याच्या डोक्यातल्या सगळ्या आठवणी मिळाल्या' असं सांगून मोकळा होतो. मग रहस्य कसलं उरणार? प्रत्यक्षात आजवर जे वाचता आलं आहे ते अर्धवट आणि नेमक्या प्रश्नाला बांधलेलं आहे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, जिनिव्हा आणि बर्कलीच्या संशोधकांनी बाजारात मिळणारं, गेम खेळण्यासाठीही विकलं जाणारं ईईजी हेडसेट स्वयंसेवकांच्या डोक्यावर चढवलं आणि समोर पडद्यावर चित्रं दाखवली: बँकांची नावं, आकडे, महिने, चेहरे. ओळखीची किंवा अर्थपूर्ण गोष्ट दिसली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतसंकेतात एक उंचवटा येतो, त्याला 'पी३००' म्हणतात. त्या उंचवट्यावरून खासगी माहितीबद्दलची अनिश्चितता नुसत्या अंदाजाच्या तुलनेत सरासरी १५ ते ४० टक्क्यांनी कमी करता आली. पासवर्ड हाती लागला नाही, पण शक्यतांची यादी आखूड झाली. खेळासाठी यापेक्षा चांगला नियम शोधून सापडणार नाही. चिप वाचणाऱ्याने आधी काहीतरी दाखवायचं, मग मिळणार फक्त 'ओळखलं' किंवा 'नाही ओळखलं', आणि तेही खात्रीने नाही. म्हणजे हेराला प्रश्न विचारावा लागतो, आणि प्रश्नावरून खेळाडूलाही हेराच्या मनातलं थोडं कळतं.

'कोण कशाला न्यायालयात मेंदू वाचायला जाईल' असं वाटत असेल, तर आपल्याच राज्यात ते होऊन गेलं आहे. पुण्याच्या सत्र न्यायालयाने जून २००८ मध्ये खुनाच्या एका खटल्यात दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युतसंकेतांच्या चाचणीचा आधार घेतला होता. डोक्यात काही बसवलेलं नव्हतं, वरून लावलेले इलेक्ट्रोड होते. आरोपी गप्प बसलेली आणि वाक्यं ऐकवली जात होती. मेंदूत 'अनुभवाची आठवण' उमटली असा निष्कर्ष काढला गेला, आणि त्यावर शास्त्रज्ञांनी जगभरातून टीका केली. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला, की नार्को, लाय डिटेक्टर किंवा मेंदूची अशी चाचणी संमतीशिवाय सक्तीने करता येणार नाही. विज्ञानकथेत न्यायालय रंगवणाऱ्याने या दोन तारखांमधलं अंतर लक्षात घ्यावं: यंत्र आधी साक्षीला उभं राहिलं, कायदा दोन वर्षांनी आला. आणि यंत्र चुकीचं असणं हा त्याच्या वापरातला अडथळा ठरला नाही. तुमच्या जगातल्या पोलिसांकडे मन अचूक वाचणारी चिप असेल तर कथा पाच मिनिटांत संपेल. साठ टक्के बरोबर येणारी आणि शंभर टक्के विश्वास बसलेली चिप असेल तर वर्षभर पुरेल.

अर्थात तंत्र तिथेच थांबलेलं नाही, आणि 'तुमचा पी३०० जुना झाला' असं कोणी म्हटलं तर ते खरं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने अर्धांगवायू झालेल्या चार जणांच्या मेंदूतल्या इलेक्ट्रोडवरून मनातल्या मनात उच्चारलेली वाक्यं वाचली. सव्वा लाख शब्दांच्या साठ्यातून, जास्तीत जास्त ७४ टक्के अचूकतेने. त्यात एक अडचण पुढे आली: माणसाने बोलायचं ठरवलेलं नसतानाही, उदाहरणार्थ पडद्यावरच्या आकृत्या मोजताना, मनातले आकडे यंत्राला दिसू शकत होते. त्यावर संशोधकांनी मनातल्या मनात म्हणायचा परवलीचा शब्दसमूह ठेवला. तो म्हटल्याशिवाय यंत्राने ऐकायचंच नाही. निवडला होता 'चिटी चिटी बँग बँग', आणि यंत्राने तो ९८ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखला. आता खेळाच्या टेबलावर याचं काय करायचं? खेळाडूला त्याच्या पात्राचा मनातला परवलीचा शब्दसमूह कागदावर लिहायला सांगा आणि तो कागद तुमच्याकडे घ्या. मग त्या पात्राला चौकशीच्या खोलीत बसवा आणि अधिकाऱ्याकडून सहज बोलता बोलता तोच शब्द उच्चारायला लावा. ऐकलेला शब्द मनात घुमू न देणं किती अवघड असतं, हे जाहिरातींची गाणी ऐकत वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

हे सगळं एका पात्रावर बसवून पाहू. समजा, तुमच्या जगात रेवा नावाची बंदरावरची क्रेनचालक आहे. ठेकेदाराने दिलेली चिप तिच्या मोटर कॉर्टेक्सवर आहे. कॅरेक्टर शीटवर तीन ओळी लिहा. वाचते: हातांचा इरादा आणि थकव्याची पातळी. लिहिते: बोटांवर केबलच्या ताणाची जाणीव. किल्ली: ठेकेदाराच्या देखभाल केंद्राकडे, एक जुनी, चोरून उतरवलेली प्रत झोपडपट्टीतल्या डॉक्टरकडे. बस्स, एवढंच. आता एका रात्री बंदरावर नको तो कंटेनर उतरतो. रेवाने तो पाहिला का, एवढंच गुन्हेगारांना हवं आहे. त्यांना तिच्या डोक्यात शिरायची गरजच नाही. चिप रोज पहाटे चार्जिंगला लागते तेव्हा थकव्याची नोंद ठेकेदाराकडे जाते, आणि त्या नोंदीत दिसतं, की रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी थकवा एकाएकी उतरला, बाई खडबडून जागी झाली. ठेकेदार ही नोंद विमा कंपनीला आधीपासून विकतच होता; आणखी एक गिऱ्हाईक मिळालं. करारात सगळं लिहिलेलं आहे, रेवाने सही केली आहे. खेळाडू चिडतील, कागद मागतील, कलम वाचतील. डेटाची सुरक्षा या शब्दांत टेबलावर जीव येतो तो इथे.

मग ठेकेदार बुडवा. हीही कल्पना नाही. आर्गस २ हे डोळ्याच्या पडद्यावर बसवायचं, ६० इलेक्ट्रोडचं यंत्र जगभरात साडेतीनशेहून जास्त अंध लोकांना बसवलं गेलं होतं. सेकंड साइट या कंपनीने २०१९ मध्ये ते बनवणं थांबवलं, २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी कमी केले, आणि लोकांच्या डोळ्यांत अशी यंत्रं राहिली ज्यांना सुटे भाग नाहीत आणि अपडेट नाहीत. ऑस्ट्रेलियात अपस्माराचा झटका येण्याआधी इशारा देणाऱ्या मेंदूतल्या यंत्राची चाचणी झाली होती. न्यूरोव्हिस्टा ही कंपनी २०१३ च्या सुमारास पैशाअभावी बंद पडली आणि यंत्रं काढण्यात आली. ते काढू नये म्हणून एका बाईने बरीच धडपड केली, पण उपयोग झाला नाही. हल्ला करणारा शत्रू इथे कोणीच नाही. किल्लीवाला घर सोडून गेला आहे, इतकंच. रेवाच्या कथेत ठेकेदाराच्या लिलावात तिच्या चिपची किल्लीही एका गठ्ठ्यात विकली जाते. विकत घेणारा कोण, ते तुम्ही ठरवा. भंगारवाला ठरवलात तर मला जास्त आवडेल.

एक आक्षेप उरतो, आणि तो सगळ्यात जोरदार आहे. लोक खेळायला येतात, करारनामे वाचायला नाही; बाण मारल्यासारखं हॅकिंग करून शत्रूला आंधळं करण्यात जी मजा आहे ती तुम्ही हिरावून घेताय. मान्य. ती मजा ठेवा. किरकोळ शत्रूंच्या स्वस्त, देखभाल न केलेल्या यंत्रांवर झटपट हॅक चालू द्यात; त्यांच्या किल्ल्या कोणाकडेही असतात, हेच त्यांच्या गरिबीचं लक्षण. पण मुख्य पात्रांच्या आणि मोठ्या शत्रूंच्या चिपपर्यंत पोहोचायला किल्लीवाल्या माणसापर्यंत पोहोचावं लागेल, असा नियम ठेवा. त्याला फसवा, विकत घ्या, त्याच्या मुलीच्या शाळेची फी भरा. असं केलं की टोळीतल्या बोलक्या पात्राला काम मिळतं, चोराला मिळतं, डॉक्टरला मिळतं, आणि हॅकर एकटा फासे टाकत बसत नाही. तक्रार ऐकणारं कोणी तुमच्या जगात आहे का, तेही एका ओळीत ठरवून टाका. चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने इमोटिव्ह या हेडसेट कंपनीला एका माजी सिनेटरच्या मेंदूचा डेटा पुसून टाकायला लावला. असं न्यायालय असलेल्या शहरात आणि नसलेल्या शहरात एकच चिप दोन वेगळ्या कथा सांगते.

शेवटी एक सूचना, जी नियमपुस्तकात कदाचित सापडणार नाही. वाचणारी चिप फुटली तर पात्राचं गुपित जातं. लिहिणारी चिप फुटली तर पात्राचा हात दुसऱ्याच्या हुकमावर चालतो, म्हणजे खेळाडूच्या हातातून त्याचा खेळच जातो. कथेतल्या चिपची किल्ली कोणाकडेही असो, टेबलावर ती किल्ली खेळाडूकडे असते. म्हणून मोहीम सुरू करण्याआधी, पहिल्याच दिवशी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारा, की तुझ्या पात्राच्या चिपवर बाहेरून कोणी लिहिलेलं तुला चालेल का, आणि चाललं तर कुठपर्यंत. जो नको म्हणेल, त्याच्या शीटवरची 'लिहिते' ही ओळ तिथल्या तिथे खोडा आणि कारण विचारू नका.